यंत्रानें उबविलेल्या पिलांविषयीं आपलें देणें

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरांत एक नवी पेटी आली आहे. कोठें ती बाजारांतून विकत घेतलेली, आंकडे दाखविणारी व अंडीं आपोआप फिरविणारी असते. कोठें थर्माकोलच्या खोक्यांत एक दिवा, एक लहानसा पंखा व उष्णता आवरणारी कळ बसवून घरच्या शाळकरी मुलानेंच ती तयार केलेली असते. कोणी तिला उबवणी यंत्र म्हणतात, कोणी इन्क्युबेटर म्हणतात, आणि आमच्या ओळखीची एक म्हातारी बाई तिला "विजेची खुडूक" म्हणते; हें नांव आम्हांस सर्वांत चांगलें वाटतें. या पेटीमुळें कित्येक घरांस चार पैसे मिळूं लागले आहेत, बचत गटांतील भगिनींस एक धंदा मिळाला आहे, व याबद्दल आम्हांस आनंदच वाटतो. तेव्हां आम्ही पुढें जें लिहिणार आहों तें पेटीच्या विरुद्ध आहे असें कोणीं समजूं नये.

लिहिण्याचें कारण असें कीं, एका तरुण बंधूनें आम्हांस एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "पाळकसाहेब, मीं ४० अंडीं मांडलीं, २९ पिलें निघालीं. पण खाद्याचे पैसे पुरेनात, जागाहि पुरेना, दहाबारा मेलीं. आई म्हणते, कोंबडीनें काढलीं असतीं तरी घारीनें आणि मुंगसानें तितकीं नेलींच असतीं. तिचें म्हणणें खोटें नाहीं. मग माझ्या जिवाला रुखरुख कां लागते?"

त्यानें हें हंसत हंसत विचारलें. पण रुखरुख खरी होती. आणि वाचकहो, हा प्रश्न दहाबारा पिलांपुरता नाहीं. ज्या जीवास आपण आपल्या इच्छेनें, आपल्या सोयीसाठीं, या जगांत आणितों, त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय? लागत असलों तर तें किती, व कोठें संपतें?

प्रथम ही पेटी काय करिते तें पाहूं. कोंबडीचें अंडें उबण्यास २१ दिवस लागतात, बदकाचें २८. पंखा असलेल्या पेटींत उष्णता ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे सुमारें ९९.५ अंश फॅरेनहाइट राखावी लागते. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याशीं ती एकदोन अंश फॅरेनहाइट अधिक ठेवितात. पहिले १८ दिवस हवेंतील ओलावा ५० ते ५५ टक्के असावा, शेवटचे ३ दिवस ६५ ते ७० टक्के. अंडीं दिवसांतून निदान ३ वेळां फिरवावीं, नाहींतर गर्भ आंतील पडद्यास चिकटून बसतो. अठराव्या दिवसानंतर मात्र फिरविणें बंद करावें, कारण तेव्हां पिलूं बाहेर येण्यासाठीं आपली बैठक घेत असतें. सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत अंड्याखालीं दिवा धरिला म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. ज्यांत त्या दिसत नाहींत तें अंडें फुकट गेलें असें समजून बाजूस काढितात. त्या शिरांतून रक्त खेळविणारें हृदय तर तिसरा दिवस पुरा होण्यापूर्वींच चालूं झालेलें असतें.

ही युक्ति आजची नव्हे. मिसर देशांत अंडीं उकिरड्याच्या उबेंत पुरून पिलें काढितात, असें ॲरिस्टॉटलनें लिहून ठेविलें आहे. पुढें त्याच देशांत मातीच्या विटांच्या मोठाल्या भट्ट्या झाल्या, व त्या सांभाळणारे लोक अंडें डोळ्याच्या पापणीस लावून ऊब बरोबर आहे कीं नाहीं तें ओळखीत. रोमूर नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७४९ मध्यें या विद्येवर ग्रंथ छापला. आणि १८७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील पेटलुमा गांवीं लायमन बाइस यानें उष्णता आपोआप आवरणारें यंत्र बाजारांत आणिलें, तेव्हांपासून या धंद्याचें रूप पालटलें. परंतु मिसरच्या भट्टीवाल्यापासून थर्माकोलच्या खोक्यापर्यंत सर्वांनीं जें केलें तें एकच: कोंबडीच्या पोटाखालीं जें घडतें त्याची नक्कल.

आतां कोंबडीकडे वळूं. खुडूक बसलेली कोंबडी दिवसांतून एकदां, फार तर वीसपंचवीस मिनिटें उठते. चार दाणे टिपून, पाणी पिऊन परत येते. तिची छाती उघडी पडते, वजन घटतें. अंडीं चोंचीनें फिरविण्यास तिला कोणीं शिकविलेलें नसतें. शेवटच्या दोन दिवसांत पिलें कवचाच्या आंतूनच चिवचिवूं लागतात, आणि तीहि त्यांस हळू आवाजानें उत्तर देते. हें ज्यांनीं कान लावून ऐकिलें आहे त्यांस तें विसरतां येत नाहीं. पण तिचें खरें काम एकविसाव्या दिवशीं संपत नाहीं; तेथें त्याचा अर्धा भाग सुरू होतो. पुढें पांच-सहा आठवडे तीं पिलें तिच्या पंखांखालीं निजतात, तिच्या पायांनीं उकरलेलें खातात, तिनें हांक मारिली कीं कुंपणाखालीं दडतात. यरुशलेमाकडे पाहून प्रभूनें आपल्या दुःखाला जी उपमा घेतली ती याच अर्ध्या भागांतली आहे, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको.

पेटीनें आईचा पहिला अर्धा भाग उचलला आहे: ऊब, ओलावा, फिरविणें, म्हणजे जें जें मोजतां येतें तें. एकविसाव्या दिवशीं ती आपलें काम संपवून थंड होते. उरलेला अर्धा भाग मात्र नाहींसा होत नाहीं. तो, ज्या बोटानें वीज लाविली त्याकडे येतो. आम्हांस वाटतें, त्या तरुणाची रुखरुख येथें आहे. एका जिवाचें आईपण त्याच्या हातीं आलें होतें व त्याला तें कोणीं सांगितलें नव्हतें.

त्याच्या आईचा घारीचा दाखला म्हणूनच आम्हांस पटत नाहीं, जरी तिचा हिशेब बरोबर आहे. घारीनें नेलेलें पिलूं व उपाशी मेलेलें पिलूं, मोजणींत दोन्ही एकच. पण घार आली तेव्हां कोंबडी अंगावरचे पिसारे फुलवून तिच्यावर धांवली होती. जिच्याकडे देणें होतें तिनें सर्वस्व दिलें, व तरी पिलूं गेलें. दुसऱ्या ठिकाणीं, ज्याच्याकडे देणें होतें त्यानें खाद्याचा डबाच मोजला नव्हता. या दोन मरणांस एकच नांव देणें म्हणजे तराजूचें एक पारडें काढून ठेवून वजन करणें होय.

दुसरी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कोंबडी ४० अंड्यांवर कधींच बसत नाहीं. दहा, बारा, फार तर पंधरा. जितकीं तिच्या अंगाखालीं मावतील तितकीं. तिची मर्यादा तिच्या पंखांत आहे. तिला गणित येत नाहीं, येण्याची गरजहि नाहीं. तिचें शरीरच तिचें गणित आहे. पेटीला पंख नाहींत म्हणून पेटीला मर्यादाहि नाहीं. ५० अंड्यांची घ्या, ५०० ची घ्या. ती तक्रार करणार नाहीं. जी मर्यादा पूर्वीं पंखांत होती ती आतां मनुष्याच्या विवेकांत राहिली पाहिजे, आणि आमचा अनुभव असा कीं विवेक हा पंखांइतका सहज पसरत नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत, वाटेंत पक्ष्याचें घरटें सांपडलें तर काय करावें याविषयीं एक लहानशी आज्ञा आहे: पिलें घ्यावयाची तर घ्यावीं, पण आईला सोडून द्यावें. आज्ञा मनुष्याची भूक नाकारीत नाहीं. ती हाताला एक रेघ आंखून देते, इतकेंच. आमच्या मनांत जी मर्यादा आहे ती याच जातीची.

येथें शिकलेले लोक एक आक्षेप काढितात, आणि तो हुशारीचा आहे म्हणून त्याला उत्तर दिलें पाहिजे. ते म्हणतात, "पेटी लाविली नसती तर हीं पिलें जन्मलींच नसतीं. जें नव्हतेंच त्याचें नुकसान कसें होणार? चार दिवसांचें आयुष्य मिळालें तो त्यांचा नफाच. देणें असेल तर त्यांच्याकडे आहे, आपणांकडे नाहीं."

या म्हणण्यांतील अर्धी गोष्ट खरी आहे. पेटींत न मांडलेल्या अंड्याचा आपणांवर कांहीं हक्क नाहीं. सकाळीं आपण त्याची पोळी करून खातों व कोणाच्याहि मनाला टोचणी लागत नाहीं, लागूंहि नये. परंतु आमंत्रणाचा विचार करा. एका परक्या मनुष्यास तुम्हीं जेवावयास बोलाविलें नसतें, तर तुमच्या ताटावर त्याचा हक्क नव्हता. पण तुम्हीं बोलाविलें, तो आला, दारांत उभा राहिला, आतां तुम्ही त्याला असें म्हणूं शकतां काय, कीं "मीं बोलाविलें नसतें तर तूं घरीं उपाशीच असतास, मग येथें उपाशी राहिलास तर काय बिघडलें?" आमंत्रणापूर्वीं जो हक्क नव्हता तो आमंत्रणानेंच उत्पन्न केला. आणि पिलाची गोष्ट पाहुण्याहून बिकट आहे. पाहुण्याला "येत नाहीं" म्हणतां येतें, व परत जाण्यास त्याला घर असतें. पिलाला यांतलें कांहींच नाहीं. ज्याला नकार देतां आला नाहीं त्याला बोलाविणाराचें ओझें हलकें होत नाहीं, दुप्पट होतें.

हा विचार आम्ही पिलांपाशीं थांबवूं इच्छीत नाहीं. आपल्या गांवांत किती आईबाप आपल्या मुलांस सांगतात कीं, "आम्हीं तुला जन्म दिला," व हें वाक्य सावकाराच्या खतासारखें पुढें करितात! शिक्षण सोडावयाचें असो, मनाविरुद्ध लग्न करावयाचें असो, तें खत बाहेर निघतें. आईबापांचा मान राखावा ही आज्ञा आम्ही व्यासपीठावरून शिकवितों व शिकवीत राहूं. पण मान हा मुलानें द्यावयाचा असतो. बापानें वसूल करावयाचा नसतो. मुलानें जन्मासाठीं अर्ज केला नव्हता. पहिलें कर्ज बोलाविणाराकडे असतें, आणि तें फेडीत असतां मुलाच्या मनांत जी कृतज्ञता आपोआप उगवते तिलाच मान म्हणतात.

तर मग हें देणें किती? कोंबडी म्हातारी होऊन मरेपर्यंत पोसावी काय? आम्ही असें म्हणत नाहीं. नाताळास आमच्याहि घरीं कोंबडी होते. ज्यांस मांस खाणेंच अनीतीचें वाटतें असे आपले शेजारी पुष्कळ आहेत, त्यांच्याशीं आम्ही येथें वाद घालीत नाहीं. त्यांची तळमळ आम्हांस आदरणीय वाटते. पण जो खातो त्यालाहि देणें आहे. जिवंत असेपर्यंत ऊब, कोरडी जागा, पाणी व दाणे. आजार आला तर पाहणें. आणि मरण द्यावयाचें तर तें त्वरित, आपल्या डोळ्यांसमोर, कोणाच्या तरी पानावर पडण्यासाठीं. उपासमारीनें, थंडीनें, एकमेकांखालीं चेंगरून आलेलें मरण हें मरण देणें नव्हे. तें विसरणें आहे, आणि विसरण्याचा हक्क बोलाविणाराला नाहीं.

आतां सर्वांत अडचणीची गोष्ट. अंड्यांतून जीं पिलें निघतात त्यांत सुमारें अर्धे नर असतात. टोंकदार अंड्यांतून नर व वाटोळ्यांतून मादी निघते असें खेड्यांत म्हणतात, पण त्यांत तथ्य नाहीं. पिलूं नर कीं मादी हें कोंबडीनें अंडें घालण्यापूर्वींच ठरलेलें असतें, व कोणत्याहि पेटीला तें बदलतां येत नाहीं. अंड्यांसाठींच पैदा केलेल्या जातींत नराला किंमत नाहीं: तो अंडीं देत नाहीं, व अंगावर मांसहि लवकर धरीत नाहीं. म्हणून जगांतील मोठमोठ्या उबवणी केंद्रांत पिलें निघतांच नर निवडून त्याच दिवशीं मारून टाकण्याची पद्धति पडली. अशा रीतीनें वर्षास सुमारें ७०० कोटि नर पिलें मारलीं जातात असा अंदाज सांगतात. जर्मनीनें ही पद्धति १ जानेवारी २०२२ पासून कायद्यानें बंद केली. आपल्याकडे कांहीं नर पिलें जत्रेंत दिसतात: गुलाबी, हिरवीं, जांभळीं रंगविलेलीं, टोपलींत गर्दीनें भरलेलीं. मूल हट्ट धरितें, बाप दहावीस रुपये टाकितो, व बहुधा आठवडा जाण्यापूर्वींच तें पिलूं मेलेलें असतें. इतक्या स्वस्तांत मुलाला जीव आणि मरण यांविषयीं दुसरा कोणताहि वाईट धडा शिकवितां येणार नाहीं.

घरगुती पेटीवाल्यापुढेंहि हीच अडचण येते, फक्त ती दीड-दोन महिन्यांनीं येते, जेव्हां तुरे वाढतात व आरवण्याचे प्रयत्न सुरू होतात. तिच्यावर उपाय आहे, पण तो आधींच योजावा लागतो. गांवठी कोंबडी, किंवा गिरिराज, वनराज यांसारखी अंडीं व मांस दोन्हींस उपयोगी पडणारी जात निवडली तर नरालाहि गिऱ्हाईक असतें; गांवठी कोंबड्याला तर तलंगेपेक्षां चांगला भाव येतो. जो अंडीं मांडण्यापूर्वीं "नरांचें काय करीन?" असें विचारतो त्याला उत्तर सांपडतें. जो मागाहून विचारतो त्याला बहुधा डालग्यांत कोंबून ठेवलेले, एकमेकांस टोंचून रक्तबंबाळ केलेले कोंबडे सांपडतात.

येथें आम्हांस एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, जरी ती कांहींस कटु लागेल. खुराड्यांत नर नकोसा आहे; आपल्या घरांत मुलगी नकोशी झाली. महाराष्ट्रांत गर्भलिंगनिदानावर नियंत्रण घालणारा कायदा १९८८ मध्यें झाला, व सर्व देशासाठीं १९९४ मध्यें. तरी ६ वर्षांखालील १,००० मुलग्यांमागें मुलींची संख्या आपल्या राज्यांत २००१ च्या शिरगणतींत ९१३ होती ती २०११ मध्यें ८९४ वर उतरली. कोंबडीचें पिलूं व मनुष्याचें मूल एकाच पारड्यांत घालण्याइतके आम्ही मूढ नाहीं. एका चिमणीची किंमत किती व आपली किती, हें आम्हांस शास्त्रांतून ठाऊक आहे. पण हाताला संवय लागते. दिव्यासमोर धरून "हें कामाचें, हें बिनकामाचें" असें निवडणारी नजर एकदां तयार झाली कीं ती खुराड्याच्या दारांतच थांबते असें समजण्यास आम्हांस आधार सांपडत नाहीं. आणि एक विलक्षण गोष्ट: पक्ष्यांत नर कीं मादी हें आईच्या बीजावर ठरतें, पण मनुष्यांत तें बापाच्या बीजावर ठरतें. असें असतां मुलगी झाली म्हणून आपण आजवर सून घराबाहेर काढिली, मुलगा नव्हे.

आतां कवच फोडण्याविषयीं लिहूं, कारण हा प्रश्न स्त्रियांकडून व मुलांकडून आम्हांस वारंवार येतो. एकविसाव्या दिवशीं अंड्यावर एक बारीक चीर पडते, आंत चोंच हलतांना दिसते, आणि मग तास न् तास कांहींच होत नाहीं. पाहणाराचा जीव कासावीस होतो. नखानें थोडें कवच काढून द्यावें काय?

यावर पुष्कळ उपदेशक एक ठरलेला दाखला देतात: धडपडीनेंच बळ येतें, म्हणून मदत करूं नये; फुलपाखराच्या कोशाचीहि अशीच गोष्ट सांगतात. हा दाखला आम्हांस फारसा रुचत नाहीं. पिलूं कां थांबलेलें असतें तें नीट पाहिलें तर धडपडीचा संबंध थोडाच आहे असें दिसतें. प्रथम त्याची चोंच अंड्याच्या बोथट टोंकाकडील हवेच्या पोकळींत शिरते व तें पहिला श्वास घेतें. मग चोंचीवरील लहानशा कठीण टोंकानें तें कवचाला चीर पाडितें. त्यानंतर १२, १८, कधीं २४ तास तें विसांवा घेतें, कारण आंत दोन कामें चालूं असतात: उरलेला पिवळा बलक त्याच्या पोटांत ओढला जात असतो, व पडद्यांतील शिरांमधलें रक्त त्याच्या शरीरांत परत येत असतें. हीं कामें पुरीं होण्यापूर्वीं कवच सोललें तर त्या शिरा तुटतात आणि रक्तस्राव होऊन पिलूं मरतें. शिवाय झांकण उघडलें कीं पेटींतील ओलावा निघून जातो, व शेजारच्या अंड्यांतील पडदे वाळून आंतील पिलांस आवळून धरितात. एकावर दया करावयास गेलों तों चार गुदमरलीं, असा प्रकार होतो.

तेव्हां मदत न करण्याचें कारण पिलाला कष्टांची शिकवण मिळावी हें नाहीं. कारण हें कीं आपणांस दिसत नाहीं असें कांहीं काम आंत चाललें आहे. हा भेद बारीक आहे, पण त्याचे परिणाम मोठे आहेत. कारण "धडपडूं दे, बळ येईल" हें वाक्य आम्हीं भरल्या पोटाच्या लोकांच्या तोंडून गरिबांविषयीं फार वेळां ऐकिलें आहे. बोलणाराला गरिबाच्या आंत काय चाललें आहे हें ठाऊक नसतें, आणि जाणून घेण्याची इच्छाहि नसते. त्याला फक्त हात खिशांत ठेवण्यास सबब हवी असते. जो थांबतो त्यानें पाहत थांबावें. चीर पडल्यास २४ तासांहून अधिक झाले, पडदा पिवळट व कोरडा पडला, त्यांत रक्ताची एकहि शीर उरली नाहीं, तरी पिलाला फिरतां येत नाहीं असें दिसलें, तर कोमट पाण्यानें पडदा ओला करून थोडें थोडें कवच काढणें योग्य आहे. तें न करणें हाच निष्ठुरपणा होईल. आणि असा पडदा वाळण्याचें कारण बहुधा पिलाचा अशक्तपणा नसतो. पेटींतील पाण्याचें भांडें कोरडें राहिलेलें असतें. ज्यानें भांडें भरलें नाहीं त्यानें पिलाला धडपडीचें महत्त्व सांगूं नये.

खुडूक कोंबडीविषयीं एक शब्द. पांढरी लेगहॉर्न व तिच्यासारख्या अंडेदार जाती आतां जवळजवळ खुडूक बसतच नाहींत. गांवठी कोंबडी वर्षांत पन्नास-साठ अंडीं देऊन मध्यें मध्यें बसते. या जाती ३०० पर्यंत देतात, कारण बसण्याची ओढच निवडीनें त्यांच्यांतून काढून टाकिली आहे. म्हणजे अशी एक जात मनुष्यानें तयार केली कीं जिचा वंश पेटीवांचून पुढें चालणार नाहीं. आम्ही याला पाप म्हणत नाहीं. पण ज्याचें आईपण आपण काढून घेतलें त्याच्या पिलांस आपल्यावांचून कोणी नाहीं, हें ध्यानांत असावें. आणि जिच्या अंगांत ती ओढ अजून आहे अशी एखादी गांवठी कोंबडी खुडूक बसली, तर तिला पाण्यांत बुडविणें, तिच्या नाकपुडींतून पीस घालणें, हे जे प्रकार आपल्याकडे चालतात ते बंद व्हावे. तिच्या खालीं दहा अंडीं ठेवा. पेटीपेक्षां ती स्वस्त पडेल व वीज गेली तरी थंड होणार नाहीं.

विजेचा विषय निघालाच आहे तर सांगतों. भारनियमनाच्या दिवसांत कित्येक घरांची सगळी अंडीं एका रात्रींत गेलीं. वीज गेल्यास झांकण उघडूं नये. पेटीवर गोधडी घालावी, पण हवेचीं भोंकें अगदीं बंद करूं नयेत. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून आंत सरकवाव्या. दोनचार तासांच्या थंडीनें सर्वच अंडीं मरतात असें नाहीं. पिलें एकदोन दिवस उशिरां निघतात, म्हणून घाबरून अंडीं फेंकून देऊं नयेत. ज्या घरीं रात्रीं उठून पेटीला हात लावून पाहणारें कोणी नाहीं, त्या घरीं पेटी आणूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्या तरुणाला आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, पुढच्या खेपेस अंडीं मोजण्यापूर्वीं खाद्य मोज. एक पिलूं आठ आठवड्यांचें होईपर्यंत दीड ते दोन किलो खाद्य खातें. २० पिलांस ४० किलो धरावें. पहिल्या आठवड्यांत त्यांना सुमारें ३५ अंश सेल्सियस ऊब हवी, व ती दर आठवड्यास थोडी थोडी कमी करावी. पिलें दिव्याखालीं गोळा झालीं तर थंडी आहे, भिंतीकडे पळालीं तर उष्णता फार आहे, व सर्वत्र पसरलीं तर ठीक आहे. निघाल्यावर दोन दिवस तीं पोटांतील बलकावर जगूं शकतात, म्हणून पहिल्या दिवशीं खाद्य नसलें तरी चालतें असें समजून कांहीं लोक खाद्य आणण्यासच तिसऱ्या दिवशीं निघतात, आणि तो बाजाराचा दिवस नसतो. खाद्य आधीं घरांत, मग अंडीं पेटींत.

राहतां राहिलीं तीं न फुटलेलीं अंडीं. दर खेपेस कांहीं उरतातच. तेवीसाव्या दिवसापर्यंत त्यांना पेटींतच राहूं द्यावें, कारण उष्णता थोडी कमी राहिली असेल तर पिलूं मागें पडलेलें असतें. मग प्रत्येक अंडें कानाशीं धरून पाहावें, दिव्यावर पाहावें, कोठेंहि हालचाल नसेल तर परसांत हातभर खोल खड्डा करून पुरावीं व वर दगड ठेवावा, नाहींतर रात्रीं कुत्रीं उकरितात. ताटल्या जंतुनाशकानें धुऊन उन्हांत वाळवाव्या.